‘घाबरू नकोस’ म्हणण्याआधी पट्टी तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गाणाऱ्या मुलामुलींना मंचावर चढताना चहूकडून एकच सल्ला मिळतो: घाबरू नकोस, बिनधास्त गा. सांगणाऱ्याची माया खरी असते, पण त्यातून मुलाच्या हाती करण्यासारखं काहीच लागत नाही. घाबरायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय? आम्ही काही गायन-शिक्षक हे पत्र लिहीत आहोत ते एवढंच सांगायला, की आठ ते अठरा वयाच्या गायकांची बहुतेक भीती रास्त असते. पट्टी (ज्या सुराला ‘सा’ मानून गाणं गायचं तो सूर) चढी असते, दुसरा अंतरा कच्चा असतो, माईक पहिल्यांदाच हातात आलेला असतो. मुलाला हे आतून जाणवतं, नेमकं सांगता येत नाही, आणि पाय लटपटतात. ही कारणं एकेक करून दूर करता येतात. ती दूर झाली की धीर वेगळा द्यावा लागत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा पट्टीचा. मूळ गाणं ज्या पट्टीत ध्वनिमुद्रित झालं, त्याच पट्टीतला ट्रॅक, म्हणजे नुसत्या वाद्यांची ध्वनिमुद्रित साथ, सहज मिळतो आणि मूल त्यावर गायला लागतं. ती पट्टी एखाद्या प्रौढ, कसलेल्या गळ्यासाठी बेतलेली असते. मुखडा गोड येतो. अंतऱ्याच्या वरच्या ओळीला मान ताठ होते, हनुवटी वर जाते आणि आवाज किंचाळल्यासारखा निघतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, मूल घाबरलं.

पट्टी ठरवायला पेटी किंवा फोनवरचं ट्यूनर अॅप आणि वीसेक मिनिटं पुरतात. गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर आधी शोधा. घसा थोडा तापला की सर्वांत वरची ओळ शब्दांसकट, मध्यम आवाजात, लागोपाठ पाच वेळा गाऊन घ्या. पाचही वेळा सारखी लागली तर पट्टी योग्य. तिसऱ्या-चौथ्या वेळी सूर उतरायला लागला, किंवा जोर लावल्याशिवाय वरची जागा येईना, तर अर्ध्या स्वराने खाली या: पेटीवरच्या काळी पाचवरून लगतच्या पांढरी सहावर, तिथून काळी चारवर. मग उलट टोक बघा. खालच्या ओळीचे शब्द नुसती हवा होऊन बाहेर पडत असतील तर जास्त उतरलात. दोन्ही टोकं एकाच पट्टीत सांभाळली जात नसतील, तर ते गाणं सध्या त्या गळ्याचं नाही, दुसरं घ्या. घरी जेमतेम जमणारी पट्टी मंचावर जमत नाही, कारण धास्तीने श्वास उथळ होतो आणि गळ्याचे स्नायू आवळतात. म्हणून गाण्यातला सर्वांत वरचा सूर मुलाच्या सहज येणाऱ्या टोकापेक्षा किमान एक पूर्ण स्वर खाली असावा. ठरलेली पट्टी वहीत गाण्याच्या नावापुढे लिहून ठेवावी. ऐनवेळी पेटीवाल्याने विचारल्यावर मुलाने आईकडे बघू नये. ट्रॅकची पट्टी अॅपने बदलता येते. दोन-तीन अर्धस्वरांपर्यंत खपून जातं, त्यापुढे वाद्यांचा पोत बिघडतो.

पट्टी उतरवण्यात काही पालकांना कमीपणा वाटतो. तो वाटू देऊ नये. चढ्या पट्टीला वेगळे गुण नसतात, आणि कणसूर, म्हणजे किंचित बेसूर, लागलेली वरची जागा मात्र सगळ्यांना ऐकू येते.

आवाज फुटण्याच्या वयाबद्दल दोन शब्द. मुलग्यांमध्ये हा बदल बहुधा १२ ते १५ या वयात येतो आणि बोलण्याचा आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली जातो. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन अर्धस्वरांएवढाच, म्हणून तो कोणाच्या लक्षात येत नाही. स्वरतंतू लांब आणि जाड होत असतात, त्यांच्यावरचा ताबा मागे पडतो आणि सूर मधेच फाटतो. या काळात पट्टी दर महिन्याला नव्याने तपासावी, गाणी पाच-सहा स्वरांतली घ्यावीत, जुना आवाज जोर लावून खेचून आणू नये. आणि घरात कोणी त्या फाटण्याची नक्कल करू नये. हसण्यावारी नेलेल्या त्या एका गोष्टीने गाणं सुटतं.

आता गाण्याच्या तयारीकडे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये एक मांडणी केली होती: दुसऱ्यांची उपस्थिती अंगवळणी पडलेलं काम सुधारते आणि कच्चं काम बिघडवते. गायकाला हे फार लागू पडतं. समोर माणसं आली की जे मुरलं आहे तेच बाहेर येतं. त्यामुळे ‘घरी येतं’ याला अर्थ नाही. किती मुरलंय हे तपासावं लागतं. कसं? गाणं एकदम दुसऱ्या अंतऱ्यापासून सुरू करायला सांगा. चाल न लावता, नुसते शब्द तालात म्हणायला सांगा. शब्द न बघता हाताने लिहून काढायला सांगा. चालता चालता, जिना चढता चढता गायला सांगा. मधेच कोणी दार आपटावं, खुर्ची ओढावी, आणि गाणं थांबू नये. ही सगळी कामं लागोपाठ तीन दिवस जमली तर गाणं मंचावर नेण्याजोगं झालं. नसतील जमली तर कार्यक्रमासाठी जुनं, पक्कं गाणं घ्यावं. महिनाभरापूर्वी शिकलेलं अवघड गाणं आणि वर्षभर मुरलेलं सोपं गाणं यांत आम्ही दर वेळी दुसरंच निवडू, मग स्पर्धा कितीही मोठी असो.

विसरण्याची जागाही बहुधा ठरलेली असते. ओळीच्या मधे सहसा कोणी अडकत नाही; कडवं संपून पुढचं सुरू होतानाच्या सांध्यावर अडकतात. चाल तीच आणि शब्द वेगळे असले की पहिल्या अंतऱ्याच्या जागी तिसरा येतो. उपाय साधा: प्रत्येक अंतऱ्याचे पहिले दोन शब्द वेगळे काढून, क्रमाने, गाण्याशिवाय पाठ करायचे. तरीही अडकलंच तर काय करायचं याचीसुद्धा तालीम हवी. आकारात, म्हणजे नुसतं ‘आ’ म्हणत, चाल पुढे न्यायची, किंवा मुखड्यावर येऊन सम (तालाची पहिली मात्रा) गाठायची आणि तिथून पुढचा अंतरा उचलायचा. थांबून ‘सॉरी’ म्हणायचं नाही. साथीदार कसलेले असतील तर श्रोत्यांपैकी निम्म्यांना काही कळतही नाही.

लयीचंही असंच. धडधड वाढलेली असताना रोजची लय मुलाला संथ वाटते, त्यामुळे ते चढ्या लयीत सुरुवात करतं आणि तिसऱ्या ओळीला दम तुटतो. मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र किंवा अॅप) गाण्याची लय मोजून आकडा पट्टीशेजारी लिहून ठेवावा, समजा मिनिटाला ८४ मात्रा. मंचावर सुरुवातीआधी तालवाद्याच्या दोन आवर्तनांत (तालाच्या पूर्ण फेऱ्यांत) मनातल्या मनात पहिली ओळ म्हणून बघावी. श्वास कुठे घ्यायचा तेही शब्दांवर खुणा करून ठरवावं. खूण शब्दाच्या मधे पडता कामा नये, आणि लांब ओळीआधीचा श्वास चुकवू नये.

रोजच्या मेहनतीबद्दल थोडक्यात. लहान मुलांना एका बैठकीत तासभर गाण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटांच्या दोन बैठका मानवतात. आधी ओठांची फुरफुर किंवा बंद ओठांनी गुणगुण, मग मधल्या सप्तकात सावकाश स्वर, आणि वरच्या जागा शेवटी. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यावं. घोट स्वरतंतूंवरून जात नाही, गेला तर ठसकाच लागेल. म्हणून मंचावर जाताना ढसाढसा प्यायलेल्या बाटलीने तोंडाची कोरड तेवढी जाते. सारखं खाकरणं मोडावं, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत मोकळा झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. मैदानावर आरडाओरडा करणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येणं दुर्मीळ नाही. त्या बहुधा विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामांनी आटोक्यात येतात, मात्र तशा गळ्याने स्पर्धा गाऊ नये.

भीड चेपते ती पायरी-पायरीने, आणि एका पायरीला थोडंच नवं असलं तर. पहिला श्रोता फोन: पूर्ण गाणं, न थांबता, एका दमात ध्वनिमुद्रित करायचं. मग घरातलं एक माणूस. मग तीन-चार माणसं, पण उभं राहून. मग ओळखीचे नसलेले आठ-दहा जण. मग तेच लोक आणि माईक. मग सभागृह. एका पायरीवर मुलाला कंटाळा येईपर्यंत गाऊ द्यावं. कंटाळा आला म्हणजे भीती गेली. आपल्याकडे होतं काय, की पहिल्या पायरीवरून मूल थेट शेवटच्या पायरीवर उभं केलं जातं आणि तिथे फसलं की ‘अजून धीट नाही’ असा शिक्का बसतो.

स्वतःचं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकून बहुतेक मुलं हिरमुसतात. त्यांना कारण सांगायला हवं. गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. हाडांतून खालचे, घुमारेदार स्वर जास्त पोचतात. ध्वनिमुद्रणात तो भाग नसतो, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. बाकी सगळ्यांना तो कायम तसाच ऐकू आलेला असतो. दोन-तीन आठवडे रोज ऐकलं की कान सरावतो आणि मग खरे दोष दिसायला लागतात.

ऐकणाऱ्यांनी नुसतं ‘छान’ म्हणू नये. त्यांनी तीनच गोष्टी सांगाव्यात: कोणते शब्द कळले नाहीत, सूर कुठे हलला, श्वास कुठे तुटला. तेही दुसऱ्या दिवशी. मंचावरून उतरणाऱ्या मुलाला त्याच मिनिटाला चुका सांगणारा पालक पुढच्या कार्यक्रमाची भीती पेरत असतो. विंगेत उभं राहून ओठ हलवत शब्द पुरवणाऱ्या पालकांनीही कृपया प्रेक्षकांत जाऊन बसावं.

माईकबद्दल कोणीच काही शिकवत नाही, आणि ऐन कार्यक्रमात फजिती तिथेच होते. हातात धरायचा नेहमीचा माईक समोरून आलेला आवाज चांगला उचलतो, मागून आलेला फारसा उचलत नाही. तो तोंडापासून दोन-तीन बोटांवर, हनुवटीच्या पातळीला, किंचित तिरका धरावा. सरळ तोंडासमोर धरला तर प, फ, ब, भ यांची हवा थेट आत जाते आणि धप्पकन आवाज येतो. फार जवळ नेला की आवाज जाड आणि घोगरा होतो, कारण अशा माईकचा स्वभावच जवळच्या आवाजातला खर्ज (खालचे, जाड सूर) वाढवण्याचा आहे. अंतर दुप्पट झालं की पातळी सुमारे ६ डेसिबलने घसरते. म्हणून मान डोलावत गाणाऱ्या मुलाचे अर्धे शब्द हरवतात. डोकं हललं तर हातही त्याबरोबर हलला पाहिजे. वरच्या जोरकस सुराला माईक अर्ध्या वितीवर न्यायचा आणि सूर संपता संपता परत आणायचा. घरी ही सवय लावायला खरा माईक लागत नाही. त्याच जाडीची कुठलीही वस्तू चालते.

माईकची जाळी मुठीत झाकायची नाही. चित्रफितींत बघून मुलं हमखास तसं करतात. जाळी झाकली की माईक सगळ्या बाजूंनी आवाज उचलू लागतो, स्पीकरचा आवाज त्यात परत शिरतो आणि शिट्टी वाजते. शिट्टी वाजली तर माईक स्पीकरकडे रोखू नये, हाताने झाकू नये; स्पीकरपासून दूर सरकावं. चालू आहे का बघायला माईकवर टिचक्या मारू नयेत, फुंकर मारू नये. गाण्याची एक ओळ म्हणावी. चाचणीसाठीसुद्धा सर्वांत जोरकस ओळ म्हणायची. हळूच ‘हॅलो’ म्हणून पातळी लावून घेतली की खऱ्या गाण्यात आवाज फाटतो.

समोरचा मॉनिटर (गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा मंचावरचा स्पीकर) ऐकू आला नाही तर मूल नकळत ओरडून गातं. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवून ठेवलं आहे. दुसऱ्या गाण्यापर्यंत घसा बसतो. साउंडवाल्याला ‘माझा आवाज मॉनिटरमध्ये थोडा वाढवा’ हे वाक्य दहा वर्षांच्या मुलालाही म्हणता आलं पाहिजे. त्याची तालीम घ्या, गाण्यासारखीच. सभागृहातून परत येणाऱ्या आवाजाच्या मागे मात्र लागू नये. मागची भिंत २० मीटरवर असेल तर तिथून परतणारा सूर सुमारे ०.१२ सेकंद उशिरा येतो, आणि त्याच्याशी जुळवून घेता घेता लय पडते. लक्ष मॉनिटरकडे आणि तालवाद्यावरच्या हाताकडे.

कार्यक्रमाच्या दिवशी फार गाऊ नये. दहा-पंधरा मिनिटं गळा तापवावा आणि आपल्या पाळीच्या अर्धा तास आधी थांबावं. जड जेवण दोन तास आधी उरकावं. विंगेत उभं असताना चार मोजत श्वास घ्यावा आणि सहा ते आठ मोजत सोडावा, असं पाच-सहा वेळा; सोडण्याचा वेळ जास्त ठेवला की धडधड उतरते. तरी थोडी राहतेच, आणि राहू द्यावी. अमेरिकी संशोधक अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना कॅराओकेवर गायला लावलं होतं. गाण्याआधी ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह आलाय’ म्हणणाऱ्यांचं गाणं अधिक अचूक आलं. मुलाला ‘शांत हो’ म्हणून ती धडधड थांबत नाही. तिला दुसरं नाव देणं त्याला जमतं. पहिलं गाणं मधल्या सप्तकातलं, मध्यम लयीचं असावं, कारण थरथर सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांत सर्वांत जास्त असते. नजर शेवटच्या रांगेच्या जरा वर ठेवावी. डोळे मिटून गाण्याचा सल्ला आम्ही देत नाही. डोळे मिटले की माईक, साथीदार आणि श्रोते तिन्हींशी संबंध सुटतो, आणि उघडल्यावर दचकायला होतं.

चित्रफीत करून गाणं सगळ्यांपर्यंत पोचवणं ही आता पहिल्या मंचासारखीच गोष्ट झाली आहे. तिथली नेहमीची चूक म्हणजे बिनतारी इअरफोन. ब्लूटूथमधून ट्रॅक ०.१ ते ०.२ सेकंद उशिरा कानात येतो. ९० च्या लयीत पाव मात्रा ०.१७ सेकंदांची असते, म्हणजे मूल कानाशी तंतोतंत गायलं तरी चित्रफितीत पाव मात्रा मागे पडलेलं दिसतं. तारेचा इअरफोन वापरा. फोन एक-दीड मीटरवर, छातीच्या उंचीला; खोलीत पडदे, गाद्या, कपडे असतील तर चांगलं. न्हाणीघरातला घुमारा गाणाऱ्याला खूश करतो, पण शब्द खातो. उजेड समोरून. एकच सलग चित्रण करावं आणि दहा प्रयत्नांच्या पुढे जाऊ नये. दहाव्यानंतर गळा थकलेला असतो. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलाने वापरू नये. आपला सूर खरा कुठे लागतो हेच मग त्याला कळत नाही, आणि मंचावर ते सोबत येत नाही.

टाकण्याआधी बघावं की गणवेश, ओळखपत्र, घराबाहेरची पाटी चौकटीत येत नाही ना. बहुतेक समाजमाध्यमांवर खातं उघडायला किमान १३ वर्षांची अट असते, त्यामुळे लहान मुलांचं खातं पालकांच्या नावावर आणि ताब्यात असावं, प्रतिक्रिया बंद किंवा पालकांनी आधी तपासलेल्या. गाण्यावर आणि ट्रॅकवर कुणाचा तरी हक्क असतो. गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक यांची नावं द्यावीत, पण नावं दिली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. तक्रार आली तर चित्रफीत काढावी लागते, हे मुलाला आधीच सांगून ठेवावं. आणि किती जणांनी पाहिलं हा आकडा निदान पहिले सहा महिने मुलाला दाखवू नये. तो गाण्याबद्दल काही सांगत नाही.

आयोजकांकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक गायकाला कार्यक्रमाआधी माईकवर दोन मिनिटं द्या; चाळीस मुलं असली तरी हे ऐंशी मिनिटांचं काम आहे. पट्टी निवडायची मुभा द्या. लहान गटाला रात्री उशिरापर्यंत ताटकळत ठेवू नका, जागरणाने गळा आणि धीर दोन्ही जातात. परीक्षकांनी दोष कागदावर लिहून द्यावेत, ध्वनिक्षेपकावरून सांगू नयेत.

आपल्या वृत्तपत्रात गायन स्पर्धांची निवेदनं नेहमी येतात. तारीख, वयोगट आणि बक्षीस एवढं त्यांत असतं. माईक-चाचणी मिळणार का, पट्टी बदलता येईल का, साथ ट्रॅकची की वाद्यांची आणि गायला किती मिनिटं मिळतील, या चार गोष्टी आयोजकांकडून मागून घेऊन त्याच चौकटीत छापल्या, तर मुलांना महिनाभर आधी कळेल की तयारी नेमकी कशाची करायची आहे.

आपले,
काही गायन-शिक्षक